थट्टेचे पेपर तपासणारे चाचा

चाचांनी सारी नोकरी पोरांचे पेपर तपासण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर ते जपानी प्रेमकथा तपासू लागले. लाल पेनानं. पानाच्या कडेला कुठं बरोबरची खूण, कुठं फुली, कुठं उर्दूत बारीकसा शेरा, आणि प्रकरण संपलं की खाली गोलात मार्क. मला उर्दू येत नाही. एकदा मी एका शेऱ्याचा अर्थ विचारला, तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "लिवलंय की, बेटी, एवढी मस्ती बरी न्हाई, पुढच्या येळी मार्क कापीन." ही बेटी म्हणजे पुस्तकातली. जपानातल्या त्या चित्रातल्या मुलीला हे कळायचा काही मार्ग नव्हता. चाचा म्हणायचे, वर्गातल्या पोरांना तरी माझे शेरे कुठं कळत होते.

मी तेव्हा कळमनुरीच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि चाचांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेऊन राहत होते. माझं गाव पुसेगाव, रोज येणं-जाणं जमण्यासारखं नव्हतं. चाचा उर्दू शाळेत इंग्रजीचे मास्तर होते, एवढं कळल्यावर बाबांनी दुसरी खोली पाहिलीच नाही. गल्लीतले लहानथोर त्यांना चाचा आणि त्यांच्या बायकोला चाची म्हणत, म्हणून मीही तेच म्हणू लागले. चाचा घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायचे. छत्री बारा महिने बगलेत. बाजारात कुठं चुकीच्या इंग्रजीतली पाटी दिसली की दुकानदाराला सांगितल्याशिवाय त्यांचा पाय पुढं पडत नसे. एका सलूनवाल्यानं शेवटी कंटाळून पाटी मराठीत करून घेतली, तर चाचा तिच्यातही चुका काढून आले.

ती पुस्तकं त्यांच्या घरात आली ती नातीमुळं. नात हैदराबादला. सुट्टीत आली होती, जाताना पिशवीभर पुस्तकं इथंच टाकून गेली. मांगा म्हणतात त्यांना, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजीत केलेल्या. चाची ती रद्दीत घालणार होती. चाचांनी सहज एक उचललं, आणि बघतात तर आपण जिथं पुस्तक संपवतो तिथं याचं पहिलं पान. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं, उर्दूसारखं. चाचा हरखून गेले. हाका मारून मला वरून खाली बोलावलं. "बघ, आतली जबान इंग्रजी आन् दरवाजा उर्दूचा! जिंदगीभर इंग्रजीत डाव्या हातानं शिरलो. ह्या जपान्यांनी पहिल्यांदा माझ्या बाजूनं आत घेतलं." त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं आणि वाचायला बसले.

गोष्ट म्हटली तर काहीच नव्हती. शाळेच्या बागेला पाणी घालायचं काम अंगावर असलेला एक लाजाळू मुलगा आणि त्याला चिडवणारी त्याच्या वर्गातली एक मुलगी. ती त्याची झारी लपवते, त्याच्या रोपांना भलतीच नावं ठेवते, तुला कोण आवडतं ते सांग म्हणून मागं लागते. तो लाल होतो. पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच. भागामागून भाग असेच. नातीच्या वयाच्या पोरी हे वाचून पागल होतात म्हणे, आणि आमचे चाचाही झाले.

त्याचं कारण स्वयंपाकघरात बसलेलं होतं. चाची हा चाचांच्या आयुष्यातला न संपणारा भाग होता. एकदा तिनं आठवडी बाजारातल्या सगळ्या भाजीवाल्यांना सांगून ठेवलं की साहेबांना हल्ली ऐकू येत नाही. झालं, चाचा बाजारात गेले की ज्याच्या-त्याच्या टोपलीपाशी लोक त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचे. चाचा सज्जन माणूस. भाजीवाल्यांचेच कान गेले असावेत असं समजून तेही तितक्याच मोठ्यानं उत्तर द्यायचे. किती तरी बाजार हा आरडाओरडा चालला. शेवटी एका बाईनं त्यांना कानात घालायच्या तेलाचा उपाय सांगितला तेव्हा कुठं उलगडा झाला. हे सगळं मला चाचीनं नाही, चाचांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचे कान असे लाल झाले होते की जणू नवीन लग्न झालंय.

"बेटा," ते म्हणाले, "प्यार करणारे लई मिळतात. चिडवणारं एखांदंच मिळतं. चिडवायला मानूस रोज बघावं लागतं, त्याला काय झोंबतं आन् काय गुदगुल्या करतं ते पाठ असावं लागतं. तेवढी तकलीफ कोन घेतं?"

मला हे ऐकून फार बरं वाटलं, कारण त्याच सुमारास माझी सोयरीक जुळली होती. मुलगा नांदेडला औषधांच्या कंपनीत. घरदार चांगलं, साखरपुडा झालेला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं. दर रविवारी तो कळमनुरीला मला भेटायला यायचा. दिसायला नीटस, बोलायला हुशार, आणि थट्टेखोर. मला तो 'गावरान' म्हणायचा. मित्रांशी ओळख करून देताना, "हे आमचं गावरान." माझ्या तोंडून 'का'च्या जागी 'काहून' निघालं की "काहून, काहून" करत कोंबडीसारखी मान हलवायचा. व्हिडिओ कॉलवर चार मित्र असले की म्हणायचा, "बोल ना ते तुझं, व्हय-न्हाई." मी बोलायचे. ते हसायचे. मीही हसायचे. धाकटी बहीण म्हणाली, चिडवतो म्हणजे जीव हाय. बाबा म्हणाले, हसतमुख पोरगा हाय. शनिवार संध्याकाळपासून मी उद्या काय बोलायचं ते मनाशी घोकत बसायचे, त्यालाही मी प्रेमच समजत होते.

म्हणून मी चाचांकडून ती पुस्तकं वाचायला घेऊ लागले. मला ती सोयीची होती. जो चिडवतो त्याचा जीव असतो, एवढंच मला कुणीतरी छापील दाखवायला हवं होतं.

पहिला भाग परत करायला गेले तेव्हा चाचांनी सवयीनं तोंडी परीक्षा घेतली. कोणतं पान आवडलं? मी झारीचं पान काढून दाखवलं. त्यात एका चौकटीत मुलाचा चेहरा पडलेला, डोळ्यांत पाणी यायचं बाकी. आणि दुसऱ्या चौकटीत ती मुलगी हातात झारी घेऊन हसत उभी. मी म्हटलं, "बघा ना चाचा, ह्याची झारी हरवली म्हणून हा रडवेला झाला, आन् हिनं शोधून आणून दिली. किती गोड पोरगी हाय."

चाचा माझ्याकडं बघतच राहिले. मग पुस्तक माझ्या हातातून घेऊन म्हणाले, "कोन्या बाजूनं वाचलं तू हे?"

पानं उजवीकडून उलटायची हे त्यांनी सांगितलं होतं, आणि ते मी इमानानं पाळलं होतं. पण पानाच्या आतल्या चौकटी मात्र मी आपल्या मराठी सवयीनं डावीकडून उजवीकडं वाचत गेले होते. अख्खा भाग. माणसं अगोदर उत्तर देतात आणि मग त्यांना प्रश्न विचारला जातो, हे मला खटकलं होतं, नाही असं नाही. पण म्हटलं, जपानी लोक, त्यांची रीत असेल.

चाचा पोट धरून हसले. चाचीला बोलावून सांगितलं, तीही हसली. मग हसू ओसरल्यावर त्यांनी झारीच्या पानावर उजवीकडून बोट ठेवलं. अगोदर मुलगी. हातात झारी, ओठावर हसू, कारण झारी तिनं पळवली आहे. मग मुलगा. चेहरा पडलेला. पान संपलं. त्या पानावर चाचांची लाल फुली होती, आणि मी एवढं वाचूनही ती फुली कशाला ते मला कळलं नव्हतं.

"रडणं अगोदर ठेवलं की हसणारा दयाळू वाटतो," चाचा म्हणाले. माझ्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल त्यांनी त्या दिवशी किंवा त्याआधी एक अक्षर काढलं नाही. तो रविवारी ओसरीवर बसलेला असला की ते सलाम करून छत्री घेऊन बाहेर पडायचे.

ती पुस्तकं वाचायला मी शाळेत न्यायचे, आणि तिथं आमच्या मुख्याध्यापिकेनं एक दिवस त्यातलं एक चाळलं. बाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मुलगी मुलाला दिवसरात्र छळते आणि लेखक म्हणतो हे प्रेम. हेच मुलानं मुलीला केलं असतं तर आपण पालक बोलावले असते. लाल झाला म्हणजे आवडलं, हे कुणी ठरवलं?" मी घरी येऊन हे चाचांना सांगितलं. मला वाटलं चिडतील, त्यांच्या लाडक्या पोरीची बाजू घेतील. चाचा लाल पेन शोधत म्हणाले, "बाई बराबर बोलल्या. पेपर पुन्हा तपासावे लागतील."

आणि खरंच त्यांनी सगळे भाग पुन्हा काढले. पहिले मार्क खोडून नवे दिले. आधी हसू आलं म्हणून पास केलेली प्रकरणं धडाधड नापास झाली. जेवायला बोलावलं तरी उठेनात तेव्हा चाची म्हणाली, त्या जपानी पोरीचं वरीस वाया घालवून राहिले का तुमी? पण एका ठिकाणी चाचा थांबले. तिथं तो मुलगा पहिल्यांदाच उलटतो. मुलगी बेसावध असताना झारीतलं सगळं पाणी तिच्या बुटात ओततो. ती ओल्या बुटानं पचपच करत चालते आणि इतकी हसते की बागेतच खाली बसते. चाचांनी त्या पानावर भरभरून मार्क दिले. "हितं पास झाली," मला बोलावून म्हणाले. "थट्टा करून घेता येती तिला. जिला करून घेता येती, तिनं खुशाल करावी."

त्यानंतरचा तो रविवार. झालं त्यात चाचांचा हात नव्हता, माझाही नव्हता. सगळं चाचीचं. आमच्याकडं होणारा जावई पहिल्यांदा घरी खायला बसणार असला की बायका त्याच्या सतरंजीखाली पापड ठेवतात. तो बसला की कर्रकन आवाज होतो, जावई दचकतो, सगळ्या हसतात, आणि मग त्याला आग्रहानं वाढतात. हे मीच कधीतरी चाचीला सांगितलं होतं. चाची म्हणाली, आमच्यात दूल्ह्याचे जोडे लपवतात, तुमच्यात पापड, रीत सारखीच. तुझी माय गावाकडं, तर हितं मायच्या जागी मीच. तिनं सकाळी उठून सुशीला केला, मुरमुरे भिजवून, वरून शेंगदाणे, कोथिंबीर. माझ्या लग्नाचा पहिला घास आपल्या घरी होणार म्हणून ती नवीन दुपट्टा घेऊन तयार झाली होती.

तो आला. चाचीनं सतरंजी दाखवली. चाचा त्या दिवशी बाहेर गेले नव्हते, पण त्यांचे कान आधीच लाल झाले होते, त्यावरून कुणालाही ओळखू आलं असतं. तो बसला. कर्रकन आवाज झाला. चाचीनं दुपट्टा तोंडात कोंबला, चाचा खोकल्यासारखं करू लागले, आणि मलाही हसू फुटलं.

तो उठला. पॅंट झटकली. हसला नाही, ओरडलाही नाही. खुर्ची ओढून तिच्यावर बसला. सुशीला दोन घास खाऊन ताटली बाजूला ठेवली आणि गाडीची वेळ झाली म्हणाला. गाडीला पुष्कळ वेळ होता. चाची दारापर्यंत आली, "बुरा नक्को मानो बेटा, रसम है," म्हणाली. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

मी त्याला सोडायला स्टँडवर गेले. तिथं तो म्हणाला, "तुझ्या घरमालकिणीला सांग, थट्टा बरोबरीच्या माणसाची करावी. जावयाची करतात का?"

मी म्हटलं, "आमच्याकडं जावयाचीच करतात."

"आमच्याकडं नाही करत. चारचौघांत माणसाचा पोपट करायचा, ही कसली रीत?"

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "मंग माझी काहून करता?"

तो 'काहून' ऐकून त्यानं मान हलवली नाही. उलट नवल वाटल्यासारखं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "तुझी गोष्ट वेगळी आहे." नांदेडची गाडी लागली होती. तो चढला.

मी तिथंच उभी राहिले. मला राग आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी मनाशी काही घोकत नव्हते, नुसता स्वच्छ राग होता, आणि मला त्याचं फार बरं वाटलं. चालत घरी आले आणि चाचीला म्हटलं, मी हे लग्न करणार नाही.

चाचांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "तुमची मस्करी पोरीच्या जिंदगीवर आली!" चाची सतरंजीवरचा पापडाचा चुरा गोळा करू लागली. घरात दोन दिवस कुणी कुणाला चिडवलं नाही, आणि ते घर मला ओळखू येईना. चाचांनी पुस्तकं कपाटात ठेवून दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बाबा आले. त्या मुलानं त्यांना फोन केला होता, पोरीला त्या घरातून काढा म्हणून. बाबा ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही. माझं म्हणणं ऐकून घेतलं, आणि मग एकेक बोट मोडत बोलू लागले. "दारू पितो का? न्हाई. मारलं का? न्हाई. हुंडा मागितला का? न्हाई. हसून बोलतो, एवढंच. थट्टा केली म्हणून कोणी सोयरीक मोडतं व्हय, माय? पाव्हण्यारावळ्यांना काय सांगू मी? लहानीचं कसं करू?"

'गावरान' म्हणतो, मान हलवतो, मित्रांपुढं बोलायला लावतो, हे मी सांगितलं, पण सांगताना माझं मलाच ते किरकोळ वाटलं. एकेकटी गोष्ट घेतली तर कोणत्याच गोष्टीत काही नव्हतं. बाबांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ते मला गाडीत बसवून नांदेडला माफी मागायला नेतील. आणि मी गेलेही असते.

चाचा खांबाला टेकून उभे होते. ते पुढं येऊन बाबांच्या समोर बसले. "भाऊ, गुन्हेगार आमीच हाओत. पन एक विचारू? तो समोर असला की पोरगी हसती का?"

"लई हसती," बाबा म्हणाले. "तेच तर म्हणून राहिलो मी. तो आला की हसतच राहती."

"कवा हसती? त्यानं बोलल्यावर, का बोलायच्या अगोदर?"

"म्हंजी?"

"आठवून बघा."

बाबा आधी चिडल्यासारखे झाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. साखरपुड्याचा दिवस त्यांच्या डोळ्यांपुढं आला असावा, तो पुसेगावला मला बघायला आला होता तो दिवसही आला असावा. बाहेर बाजारातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचा गलका चालू होता. बाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"अगोदर," ते म्हणाले. "त्यानं तोंड उघडलं की हिचं हसू सुरू. बोलणं मागून." थोडं थांबले. "असं तर आमी साहेबापुढं हसतो. हापिसात गेल्यावर. साहेब काय बोलन ते ठाव नसतं, म्हणून आधीच हसून घेतो."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. बाबा माझ्याजवळ आले नाहीत, त्यांची तशी सवय नाही. त्यांनी बसल्या जागेवरून हात पुढं केला आणि म्हणाले, "ती अंगठी काढ, माय. उद्याच्या गाडीनं मी सोता नेऊन देतो. लोकाला काय सांगायचं ते माझ्याकडं लागलं."

अंगठी निघता निघेना. चाचीनं साबण आणून दिला. बाबांनी अंगठी रुमालात बांधून खिशात ठेवली. चाचा मान खाली घालून बसले होते. बाबांनी स्वतःहून पाणी मागितलं. चाचीनं तांब्या त्यांच्यापुढं ठेवला, चाचांकडं वळली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उमर भर फोकट के सवालां पूछे. आज एक काम का पूछे."

चाचांचे कान लाल झाले. बाबांच्या तोंडातलं पाणी हसण्यानं सांडलं. मला मात्र जरा वेळ लागला. चाची काय म्हणाली ते मी आधी पुरतं ऐकून घेतलं, आणि मग हसले.